स्प्लिट एसीत दर उन्हाळ्याला गॅस भरावा लागत असेल तर

एसीतला गॅस वापरल्याने संपत नाही. तो जळत नाही, झिजत नाही आणि कंप्रेसर कितीही तास चालला तरी खर्च होत नाही. इनडोअरची कॉइल (पातळ पत्र्यांतून नेलेले नळ्यांचे वेटोळे), तांब्याचे दोन पाइप आणि आउटडोअर युनिट यांच्या बंद वर्तुळात तोच तो गॅस आळीपाळीने द्रव आणि वायू होत फिरत राहतो आणि जोडण्या पक्क्या असतील तर मशीन भंगारात जाईपर्यंत पुरतो. असे असूनही ठाण्यातल्या आणि नवी मुंबईतल्या कितीतरी घरांत ‘गॅस चार्जिंग’ हा वार्षिक सर्व्हिसचाच एक भाग होऊन बसला आहे. मार्च उजाडला की मेकॅनिक येतो, आउटडोअरला गेज म्हणजे दाब मोजण्याचे मीटर लावतो, ‘‘काका, गॅस कमी आहे, भरून देऊ का?’’ असे विचारतो, दोन-तीन हजार रुपये घेऊन जातो, आणि पुढच्या मार्चमध्ये तोच एसी पुन्हा नुसता वारा देऊ लागतो. असे दरवर्षी घडत असेल तर एक तर गॅस कमी झालेलाच नसतो, किंवा तो गळत असतो आणि गळती कोणी शोधलेली नसते. यातल्या पहिल्या शक्यतेचा निकाल बराचसा घरच्या घरी लावता येतो, म्हणून सुरुवात तिथून करावी.

गॅस खरोखरच कमी आहे का?

मेकॅनिकला फोन करण्याआधी एमसीबी (एसीचा बोर्डावरचा खटका) बंद करून इनडोअरच्या जाळ्या काढून धुवाव्यात, हे बहुतेकांना ठाऊक असते. जाळीच्या मागे असलेल्या लांब गोल ब्लोअरकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. त्याच्या पात्यांवर धुळीचा ओलसर थर बसला की जाळ्या स्वच्छ असूनही हवा निम्म्याने कमी होते. आजूबाजूला बांधकाम चालू असेल, आणि या दोन शहरांत ते कुठे ना कुठे चालू असतेच, तर हा थर एका मोसमात बसतो. मोबाइलचा टॉर्च हवा बाहेर पडण्याच्या फटीतून आत टाकला की पात्यांची कड काळपट आणि जाड दिसते. तशी दिसली तर आधी ब्लोअर साफ करून घ्यावा, गॅसचा विषय नंतर काढावा.

दुसरी तपासणी आउटडोअरची. आपल्याकडच्या इमारतींत आउटडोअर बहुधा ड्राय बाल्कनीत, डक्टमध्ये किंवा खिडकीबाहेरच्या अँगलवर बसवलेला असतो आणि कबुतरांमुळे त्याच्या पुढे जाळी लावलेली असते. जाळीला अडकलेली पिसे, मागच्या पत्र्यांत साचलेला कचरा आणि तिथेच वाळत घातलेली चादर यांमुळे बाहेर फेकलेली गरम हवा फिरून पुन्हा आउटडोअरमध्येच शिरते. याची खूण सोपी आहे. असा एसी रात्री दोन वाजता खोली व्यवस्थित गार करतो आणि दुपारी दोन वाजता हात टेकतो. गॅस कमी असलेला एसी रात्रीही रडतोच. एक खबरदारी मात्र घ्यावी. उंच मजल्यावरचा आउटडोअर पाहण्यासाठी खिडकीबाहेर वाकू नये आणि त्याच्या अँगलवर भार तर मुळीच देऊ नये, कारण खाडीच्या दमट हवेत ते अँगल आतून गंजलेले असतात आणि वरच्या रंगामुळे तो गंज दिसत नाही.

त्यानंतर तापमान मोजावे. साधा डिजिटल थर्मामीटर यासाठी पुरतो. खिडक्या-दारे बंद करून एसी १८ अंशांवर, पंखा सर्वांत जोरात ठेवून वीस मिनिटे चालू द्यावा, मग इनडोअरच्या वरच्या बाजूला जिथून खोलीतली हवा आत ओढली जाते तिथले तापमान घ्यावे आणि खाली जिथून गार हवा बाहेर पडते तिथले घ्यावे. दोहोंत ८ ते १२ अंशांचा फरक असेल तर मशीन आपले काम करत आहे. पावसाळ्यात आणि मेअखेरीस हा फरक थोडा कमी भरतो, कारण एसीच्या क्षमतेचा मोठा वाटा हवेतल्या बाष्पाचे पाणी करण्यात जातो. अशा दिवसांत ड्रेन पाइपमधून तासाला लिटरभर किंवा त्याहून जास्त पाणी बादलीत पडत असेल तर मशीन ठीक असल्याची तीही खूणच आहे. फरक नीट येत असूनही खोली गार होत नसेल तर दोष उन्हाचा, वरच्या स्लॅबचा किंवा कमी टनाच्या निवडीचा आहे. पश्चिमेकडे मोठी खिडकी असलेल्या हॉलला एक टनाचा एसी लावला असेल तर त्यात कितीही गॅस भरला तरी तो दीड टनाचा होणार नाही.

फरक कमी आला, तर पाइप पाहावेत. आउटडोअरच्या बाजूला दोन पाइप व्हॉल्व्हला जोडलेले दिसतात. दीड टनाच्या मशीनला बहुधा एक दोन सुती (पाव इंची) आणि दुसरा चार सुती (अर्धा इंची) असतो. घरगुती स्प्लिट एसीत गॅसचा दाब उतरवणारी व्यवस्था सहसा आउटडोअरमध्येच असल्यामुळे एसी चालू असताना दोन्ही पाइप गार लागतात आणि दोहोंच्या व्हॉल्व्हवर पाणी धरते. गॅस कमी असेल तर बारीक पाइपच्या नटावर पांढरे बर्फ जमते आणि जाड पाइप कोरडा व कोमट राहतो. दाब खाली गेल्यामुळे उरलासुरला गॅस कॉइलच्या सुरुवातीच्या ओळींतच शून्याखाली उकळून संपतो आणि पुढच्या कॉइलसाठी काही उरत नाही, म्हणून असे होते. याउलट दोन्ही पाइपांवर आणि सगळ्या कॉइलवर बर्फ धरत असेल तर संशय गॅसवर घेऊ नये. तिथे हवा कमी पडते आहे, म्हणजे पुन्हा जाळी आणि ब्लोअर. इनडोअरमधून मध्येच टपटप पाणी पडण्याची तक्रारही पुष्कळदा याच बर्फातून येते, कारण ते वितळताना ट्रेच्या बाहेर गळते. ड्रेन पाइप साफ करूनही पाणी थांबत नसेल तर त्याचा अर्थ असा लावून पाहावा.

आता गेजविषयी, कारण सगळा व्यवहार त्या काट्यावर होतो. आर-३२ आणि आर-४१०ए या गॅसवर चालणाऱ्या मशीनमध्ये एसी चालू असताना जाड पाइपवरचा दाब साधारण १२० ते १४५ पीएसआयच्या (पीएसआय हे दाबाचे एकक) आसपास असतो, तर जुन्या आर-२२ मध्ये तो ६० ते ७० असतो. आउटडोअरच्या नेमप्लेटवर कोणता गॅस आणि किती ग्रॅम हे छापलेले असते, ते आधी स्वतः वाचावे. गेज लावताना एसी बंद असेल तर काटा काहीच सिद्ध करत नाही. ३० अंश तापमानाला बंद ठेवलेल्या आर-३२ च्या मशीनमध्ये अडीचशे पीएसआयहून जास्त दाब दिसतो, आणि आत थोडासा जरी द्रव शिल्लक असेल तरी तो तेवढाच दिसतो, मग निम्मा गॅस उडून गेलेला का असेना. इन्व्हर्टर एसीत आणखी एक भानगड असते. कंप्रेसरचा वेग बदलला की दाबही बदलतो, त्यामुळे कंप्रेसर पूर्ण वेगाने दहा-पंधरा मिनिटे चालल्याशिवाय घेतलेला आकडा ग्राह्य धरू नये.

कूलिंग कमी आणि काट्यावरचा दाब नेहमीपेक्षा जास्त, असे दिसले तर गॅस भरण्याचा प्रश्नच येत नाही. तिथे कंप्रेसर थकलेला असतो, किंवा आउटडोअर कोंडलेला असतो, किंवा मागच्याच वर्षी कोणीतरी अंदाजाने गॅस जास्त भरून ठेवलेला असतो. आणि आतला पंखा चालू असताना बाहेरून कंप्रेसरचा आवाजच येत नसेल तर साध्या, म्हणजे इन्व्हर्टर नसलेल्या मशीनमध्ये प्रथम कॅपॅसिटर, म्हणजे कंप्रेसर सुरू व्हायला मदत करणारा विजेचा भाग, तपासायला सांगावे. तो काही शे रुपयांचा भाग आहे. तो स्वतः काढू नये, कारण वीज बंद केल्यावरही त्यात धक्का बसण्याइतका भार साठून राहतो.

गळती कुठे शोधावी

गॅस कमी असल्याचे पक्के झाले की पुढचा प्रश्न ‘किती भरायचा’ हा नसून ‘कुठून गेला’ हा असतो. गॅसबरोबर कंप्रेसरचे थोडे तेलही बाहेर येते, त्यामुळे ज्या जागी तेलकट डाग आणि त्यावर चिकटलेली धूळ दिसेल ती जागा पहिली संशयित. बहुतेक वेळा ती फ्लेअर नटची असते. तांब्याच्या पाइपचे तोंड फुलवून नटाने आवळलेली ही जोडणी इनडोअरच्या मागे आणि आउटडोअरच्या व्हॉल्व्हवर अशी एकूण चार ठिकाणी असते, आणि फुलवताना तोंडाला चीर गेली असेल किंवा पान्याने नट गरजेपेक्षा जास्त आवळला असेल तर तिथून मंद गळती वर्षानुवर्षे चालू राहते. इनडोअरच्या मागचे दोन नट काळ्या इन्सुलेशनमध्ये आणि टेपमध्ये गुंडाळलेले असतात. ते सोडून पाहण्याचा कंटाळा केला जातो, म्हणून तीच गळती सर्वांत जास्त वर्षे सापडत नाही.

आणखी एक जागा म्हणजे गेज लावण्याची पिन. तिच्यावरचे पितळी टोपण हरवलेले असेल, किंवा आतला रबर कडक झाला असेल, तर गॅस तिथून जातो. दरवर्षी काही कारण नसताना ‘प्रेशर चेक’ करवून घेण्यात त्यामुळे शहाणपणा नाही. गेजचा पाइप लावताना आणि काढताना दरवेळी थोडा गॅस जातो आणि पिनही ढिली होत जाते.

साबणाच्या दाट पाण्याने तपासणी करताना एक गोष्ट फार थोडे मेकॅनिक ध्यानात घेतात. इनडोअर कॉइलची तपासणी एसी बंद ठेवून करायला हवी. एसी चालू असताना त्या कॉइलमध्ये कमी दाब असतो. बंद केल्यावर थोड्या वेळाने दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो आणि इनडोअरमध्ये तो जवळजवळ दुप्पट होतो. कोपरखैरण्यातल्या एका घरी बेडरूमच्या एसीचे चारही नट कोरडे निघाले होते आणि मेकॅनिक गॅस भरून मोकळा होण्याच्या बेतात होता. एसी अर्धा तास बंद ठेवून, इनडोअरचे झाकण काढून, कॉइलच्या उजव्या टोकाला असलेल्या यू आकाराच्या बेंडवर ब्रशने साबण लावला, तेव्हा आधी काहीच दिसले नाही. दोन-तीन मिनिटांनी खालून तिसऱ्या बेंडच्या वळणावर मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक उमटू लागले. तिथले तांबे लालसर राहिलेले नव्हते, काळे पडले होते.

खाडीची हवा आणि तांबे

ते काळेपण आपल्या भागाचे खास दुखणे आहे. ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे आणि वाशी या वसाहतींच्या एका बाजूला ठाणे खाडीची चिखलवट आणि खारफुटी आहे, तर दुसऱ्या बाजूला ठाणे-बेलापूर रस्त्यालगतचा औद्योगिक पट्टा. ठाण्यात कळव्यापासून बाळकुम-कोलशेतपर्यंतच्या खाडीकाठच्या इमारतींनाही हीच खारी, दमट हवा लागते. ओहोटीला चिखलातून आणि उघड्या नाल्यांतून जो कुजका वास येतो तो हायड्रोजन सल्फाइडचा असतो. हा वायू तांब्याशी संयोग पावून काळे कॉपर सल्फाइड बनवतो आणि सतत ओली राहणारी कॉइल त्याला आयतीच सापडते. हवेतला क्षार ॲल्युमिनियमच्या पत्र्यांना आणि लोखंडी अँगलला खातो, तर सल्फाइड तांब्याला. कॉइलवरच्या ज्या निळ्या थराची जाहिरात केली जाते तो थर पत्र्यांवर असतो, टोकाचे बेंड आणि त्यांचे जोड बहुधा उघडेच राहतात.

धोका सगळा बाहेरूनच येतो असेही नाही. नवे प्लायवुड, सनमायका चिकटवण्याचा गोंद आणि काही साफसफाईची द्रावणे यांतून फॉर्मिक व ॲसिटिक आम्लाची वाफ निघत राहते आणि ती ओल्या तांब्यात डोळ्यांना न दिसणारी वाकडीतिकडी भोके पाडते. नव्या फर्निचरच्या बंद बेडरूममधला एसी दोन-तीन वर्षांतच गळू लागला तर हे कारण मनात धरावे. अशा खोलीची खिडकी रोज काही वेळ उघडणे हा फुकटचा उपाय आहे. मात्र खिडकी नाल्याकडे उघडत असेल तर ओहोटीची वेळ टाळावी. कॉइल चमकवण्यासाठी आम्ल वापरणाऱ्या ‘केमिकल वॉश’ला मी सरळ नाही म्हणतो. साध्या पाण्याची जेट सर्व्हिस पुरेशी असते.

बेंडवर एकच भोक असेल तर ते ब्रेझिंग करून, म्हणजे ज्योतीने धातू वितळवून, बुजवता येते. पण तांबे ठिकठिकाणी काळे पडले असेल तर एक भोक बुजवेपर्यंत दुसरे तयार होत असते. अशा वेळी डागडुजीवर पैसे घालू नयेत, कॉइल बदलावी. मशीन आठ-दहा वर्षांचे असेल, किंवा आर-२२ वर चालणारे असेल, तर कॉइलही बदलू नये. ओझोनच्या थराला हानी करणारा हा गॅस माँट्रियल करारानुसार हद्दपार होत चालला आहे, आणि त्याच्या मशीनसाठी नवी कॉइल शोधण्यापेक्षा नवे मशीन घेणे परवडते.

दुरुस्ती करवून घेताना

गळती बुजवल्यानंतर थेट गॅस भरू देऊ नये. आधी कोरड्या नायट्रोजनने साडेतीनशे-चारशे पीएसआयपर्यंत दाब देऊन मशीन काही तास, जमल्यास रात्रभर, तसेच ठेवावे आणि काट्याची जागा चिकटपट्टीवर खुणेने लिहून ठेवावी. सकाळी काटा किंचित खाली आलेला दिसला तर लगेच घाबरू नये. संध्याकाळी ३२ अंशांना ३५० वर ठेवलेला काटा पहाटे २७ अंशांना गळती नसतानाही सुमारे ३४४ दाखवतो. त्याहून जास्त उतरला असेल तर शोध पुन्हा सुरू करावा. नायट्रोजनऐवजी ऑक्सिजनचे सिलिंडर कोणी जोडू लागला तर त्याला तत्काळ थांबवावे, कारण दाबाखालचा ऑक्सिजन आणि कंप्रेसरचे तेल एकत्र आल्यास स्फोट होतो आणि त्यात माणसे दगावली आहेत.

त्यानंतर व्हॅक्यूम. पंपाने किमान वीस-तीस मिनिटे आतली हवा आणि ओल काढावी, पंप बंद करून थोडा वेळ काटा स्थिर राहतो का ते पाहावे आणि मगच गॅस सोडावा. पंप आणलेला नाही म्हणून ‘गॅसनेच हवा काढून देतो’ असे सांगणाऱ्याकडून काम करवून घेऊ नये. आर-३२ आणि आर-४१०ए च्या मशीनमधले तेल ओल शोषून घेणारे असते, आणि जुलैतल्या हवेत ती ओल किती असते हे इथे कोणाला सांगायला नको. गॅस वजनाने भरावा. सिलिंडर वजनकाट्यावर ठेवून नेमप्लेटवरचे ग्रॅम मोजून सोडले की दाबाचा वाद उरतच नाही. आर-४१०ए हा दोन गॅसांचे मिश्रण असल्याने तो द्रवरूपात भरावा लागतो. एका गॅसच्या मशीनमध्ये दुसऱ्याचा टॉप-अप कधीही करू नये.

आर-३२ सौम्यपणे ज्वलनशील आहे आणि काही मशीनमध्ये असणारा आर-२९० म्हणजे चक्क प्रोपेन आहे. ब्रेझिंगचा टॉर्च पेटवण्याआधी सगळा गॅस काढलेला असला पाहिजे, खिडक्या उघड्या असल्या पाहिजेत आणि देवघरातला दिवा विझवलेला असला पाहिजे.

हॉट अँड कोल्ड मशीन असेल तर

आपल्याकडच्या थंडीत हीटरची गरज जेमतेम काही रात्री पडते, पण उत्तरेतून बदली होऊन आलेल्या कुटुंबांकडे किंवा घरात लहान बाळ, वृद्ध असल्यामुळे मुद्दाम घेतलेली हॉट अँड कोल्ड मशीन दिसतात. त्यांत गॅसची दिशा उलटवणारा चार तोंडांचा व्हॉल्व्ह असतो. वर्षभर न हललेला हा व्हॉल्व्ह मधेच अडकला तर जास्त दाबाचा गॅस कमी दाबाच्या बाजूला झिरपतो आणि कूलिंग मंदावते. हुबेहूब गॅस कमी असल्याचा भास होतो, फक्त काट्यावर दाब कमी दिसण्याऐवजी चढलेला दिसतो. अशा मशीनमध्ये गॅस भरला तर कंप्रेसरवरचा ताण वाढतो. अधूनमधून दहा मिनिटे हीटर चालवून हा व्हॉल्व्ह हलता ठेवावा. हीटर चालू असताना इनडोअरचा पंखा उशिरा सुरू होणे किंवा काही मिनिटे मध्येच थांबणे हा बिघाड नाही. तसेच या अवस्थेत इनडोअर कॉइलमध्ये सर्वाधिक दाब असल्याने थोडा वेळ हीटर चालवून बंद केल्याबरोबर मागचे नट साबणाने तपासले तर लपून बसलेली गळतीही सापडते.

बिलावर ‘गॅस चार्जिंग’ एवढाच शब्द स्वीकारू नये. गळतीची जागा, नायट्रोजनचा दाब आणि भरलेल्या गॅसचे ग्रॅम लिहून घ्यावेत, कारण वॉरंटीच्या काळात पुन्हा गळती झाली तर कंपनीसमोर किंवा १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तेच दाखवता येते. वॉरंटी कार्डही नीट वाचावे. दहा वर्षांचा ठळक आकडा बहुधा कंप्रेसरपुरता असतो, कॉइलची मुदत वेगळी लिहिलेली असते आणि गॅस पुष्कळदा त्यात धरलेलाच नसतो.